जिन्यावरची भरलेली बादली

उंब्रजच्या पेठेत नदाफांचं गादीचं दुकान विचारलं, तर कुणीही बोट दाखवील. वर हसून सांगेल, "जावा की, पर खाली बघून पाय टाका. बादल्या हायत."

खरंच आहेत. दुकानाच्या उंबऱ्याशी एक, कापूस पिंजायच्या मशीनजवळ एक, स्वयंपाकघरात एक आणि जिन्याच्या माथ्यावर एक. सगळ्या काठोकाठ पाण्यानं भरलेल्या. पाहुणे ठेचकाळतात, गिऱ्हाइकांचे पायजमे भिजतात, मालक हुसेन नदाफ कपाळावर हात मारून घेतात. त्यांची बायको झुबेदा मात्र कुणाला चकार शब्द न बोलता सांडलेली बादली पुन्हा भरते आणि होती तिथं ठेवते. भित्री बाई, असं सगळी पेठ म्हणते. म्हणणाऱ्यांचं काय जातंय!

झुबेदाचं माहेर सांगलीचं. वडिलांचा तिथल्या एका बोळात गाद्यांचाच धंदा. ती शाळेत जायच्या वयाची असताना एका उन्हाळ्यात, भर दुपारी, मशीनच्या वायरीतून ठिणगी उडाली. कापूस कसा पेटतो ते ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. जाळ मागाहून येतो. आधी नुसता वास येतो, कपड्यावर इस्त्री विसरून राहिली की येतो तसा. तोवर ढीग आतल्या आत लाल झालेला असतो. त्या ढिगावर तिचा थोरला भाऊ अजमल झोपला होता. नळाला पाणी नव्हतं, हंडे पालथे पडलेले. रिकामी बादली हातात घेऊन ही पोर बोळात उभी राहिली आणि माणसं तिला ढकलून पळत होती. अजमल काही बाहेर आला नाही. पुढं लग्न होऊन ती उंब्रजला आली, तीन पोरांची आई झाली, केस पांढरे झाले, पण तिच्या घरातली बादली त्यानंतर कधी रिकामी राहिली नाही.

आता अशा बाईच्या डोक्यावर सोलर बसवायचं म्हणजे काय गंमत आहे का?

निमित्त झालं धाकट्या लेकीचं. सुमैरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. तिला द्यायची ती वरची खोली, आणि उन्हाळ्यात तिथला स्लॅब असा तापायचा की भिंतीला पाठ टेकवत नव्हती. कूलर लावावा तर खाली पिंजायचं मशीन दिवसभर चालू, बिल बघून हुसेनना घाम फुटायचा. एक दिवस जेवताना ते म्हणाले, "आपन छतावर सोलर बसवू. ऊन फुकटच पडतंय की."

झुबेदाच्या हातातली भाकरी ताटात पडली.

"आवं, घरात कापूस हाय."

"कापूस खाली हाय. सोलर वर."

"आन मधी वायर हाय न्हवं?" ती म्हणाली. यावर हुसेननी पाण्याचा तांब्या उचलून तोंडाला लावला.

त्यांचा एक दोस्त होता, सिद्धू. आसपासच्या गावांत वायरिंगची कामं करायचा. तोंडानं गोड, हातानं चपळ. तो दुसऱ्याच दिवशी हजर. पायरीवर बसून चहा पिता पिता म्हणाला, "हुसेनभाई, दोन दिसात चढवून देतो बगा. अर्ज न्हाई, बिर्ज न्हाई. लाईट ऑफिसच्या वाऱ्याला हुबं ऱ्हायचं न्हाई. पत्रं आननार, लावनार, तुमच्या बोर्डात वायर खुपसनार. लाईट गेली तरी घर चालू!"

आतून झुबेदानं विचारलं, "आन लाईट बोर्डाच्या लोकास्नी कळवायचं न्हाई व्हय?"

"त्यास्नी कळवून काय करायचं वहिनी?"

"मग जळलं तर कुनाला कळवायचं?"

सिद्धू हसला. हुसेनही हसले, पण त्यांचं हसू अर्ध्यावरच राहिलं. झुबेदानं पदर खोचला आणि सांगून टाकलं, रीतसर अर्ज करून, बोर्डाच्या मंजूर यादीतल्या माणसाकडून, त्यांच्या देखत बसणार असेल तर बसवा. नाहीतर मी सुमैराला घेऊन ओट्यावर झोपेन, पण त्या खोलीत पाय ठेवणार नाही.

झालं, सुरू झाल्या चकरा. वीजबिल अजून हुसेनच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर! आधी ते बदलायला पाहिजे. हुसेन वैतागून म्हणाले, "अब्बा कबरीत आन बिल त्येंच्या नावानं, एवढी वर्सं चाललं न्हवं?" पण झुबेदा स्वतः लाईट ऑफिसात जाऊन बाकड्यावर बसली. नाव बदललं, अर्ज गेला, मंजुरी आली. यादीतला जो माणूस मिळाला तो वीरधवल नावाचा तरुण इंजिनिअर. कुठला, तर सांगलीचा. हे ऐकून तिचा जीव आणखी धास्तावला. सांगली म्हटलं की तिला तो बोळच आठवायचा.

वीरधवल आला आणि पहिल्यांदा बादलीवरच ठेचकाळला. पायजमा नव्हता, चांगली पँट होती. पण तो चिडला नाही. घरभर फिरला, कापसाची खोली पाहिली, भिंतींना हात लावून पाहिला. भिंतीवर लावायचा इन्व्हर्टर, म्हणजे उन्हाची वीज घरच्या विजेसारखी करून देणारं यंत्र, हुसेनना मागच्या कापसाच्या खोलीत हवं होतं. तिथं कुणाच्या डोळ्यावर येत नाही म्हणून.

"कापसाच्या खोलीत नाही," वीरधवल म्हणाला. "काम सोडून जाईन काका, पण तिथं लावणार नाही."

त्या एका वाक्यावर झुबेदानं त्याला पुन्हा चहा दिला.

जागा ठरली ती जिन्याच्या माथ्यावरची, उघड्या खिडकीसमोरची भिंत. परसात खड्डे खणून अर्थिंग झालं. छतावर विजेपासून राखायला उंच सळई उभी राहिली. वायरी पाइपातून, भिंतीच्या बाहेरच्या अंगानं खाली आल्या. झुबेदा दिवसभर खाली उभी राहून तोंडानं दुवा पुटपुटत होती. मध्येच तिनं वर तोंड करून विचारलं, "बाळ, ह्यातनं ठिनगी उडंल का रं?"

दुसऱ्या कुणी "छे हो" म्हटलं असतं. वीरधवल छताच्या कडेशी येऊन खाली बसला. "चुकीचं बसवलं तर उडते चाची. म्हणून तर हा सगळा खटाटोप."

तिला ते उत्तर आवडलं आणि त्याच उत्तरानं तिची झोपही उडाली.

बोर्डाचा माणूस येऊन तपासून गेला, नवा मीटर बसला, मगच यंत्र चालू झालं. जाताना वीरधवलनं सगळ्यांना जिन्यावर बोलावलं. "हे बघा. काही वेगळं वाटलं, वास आला, आवाज आला, तर आधी हा खालचा खटका पाडायचा. मग ही लाल मूठ फिरवायची. तेवढं करून लांब व्हायचं आणि मला फोन. पाणी अजिबात मारायचं नाही. वर ऊन आहे तोवर छतावरच्या वायरीत वीज असतेच. आणि ह्याच्या आजूबाजूला काही ठेवू नका. कापूस, धूळ बसू देऊ नका. चाची, तुम्ही करून दाखवा."

"म्या? ह्यास्नी शिकवा की!"

"काका दुकानात असतात. घरात कोण असतं?"

झुबेदानं डोळे घट्ट मिटले, बिस्मिल्ला म्हटलं आणि खटका पाडला. लाल मूठ फिरवताना तिच्या बांगड्या वाजत होत्या. हुसेन मिशीत हसले. "झाली बगा नदाफीण इंजिनिअर!"

पहिल्याच आठवड्यात लाईट गेली. बाहेर रखरखीत ऊन आणि घरात पंखा बंद. हुसेनचा पारा चढला. वर सूर्य तापतोय आणि सोलर मेलंय! त्यांनी फोनवर वीरधवलला धारेवर धरलं. तो म्हणाला, "काका, ते मुद्दाम बंद होतं. लाईन बंद आहे म्हणून वायरमन खांबावर चढलेला असतो. तुमच्या घरची वीज लाईनीत गेली तर तो वरच्या वर संपेल." हुसेननी फोन ठेवून दिला. झुबेदाला मात्र जिन्यावरच्या त्या डब्याविषयी पहिल्यांदाच बरं वाटलं. दुसऱ्याच्या जिवाला भिऊन थांबतंय म्हणजे शहाणं यंत्र आहे, असं ती शेजारच्या बाईला म्हणाली.

मग सुमैरा आली, यथावकाश बाळंत झाली. मुलगी झाली, टपोऱ्या डोळ्यांची, मुठी आवळून झोपणारी. वरच्या खोलीत कूलर घुमू लागला. सगळं घर सुखात, आणि झुबेदाची भीती मात्र दुप्पट. आता वर दोन जीव होते.

नदाफांच्या घरात एक वळण आहे. खालच्या मशीनमधून उडालेला कापूस जिन्यानं वर चढतो, खिडकीत बसतो, दुधावर बसतो, माणसाच्या भुवयांवर बसतो. म्हणून या घरातल्या प्रत्येक वस्तूला खोळ असते. टीव्हीला खोळ, मिक्सरला खोळ, शिलाई मशीनला, फ्रीजच्या डोक्याला, एवढंच काय, कुराण ठेवायच्या रेहेलीलासुद्धा सुंदर मखमली खोळ. बायकांचा हात शिवणाचा आणि चिंध्यांना तोटा नाही. सुमैराच्या दाराशेजारी, हाताभरावर, तो उघडा डबा झुबेदा रोज बघायची. त्याच्या मागच्या धातूच्या पट्ट्यांच्या फटीत पांढरी पांढरी पिसं अडकलेली. कापूस बसू देऊ नका, असं वीरधवल सांगून गेला होता. ती रोज कोरड्या फडक्यानं पुसायची आणि संध्याकाळपर्यंत कापूस पुन्हा बसायचा. ठिणगीला आणखी काय लागतं?

एका सकाळी तिनं माप घेतलं आणि डब्याला खोळ शिवली. चांगली जाड, आत पातळसा कापूस घालून टाचलेली, काठाला नाडी. नाडी घट्ट ओढून बांधली. आता एक पीस आत जाईल तर शपथ! आजूबाजूला काही ठेवू नका, हे तिला पाठ होतं. पण खोळ म्हणजे काय सामान असतं का? तिला कित्येक दिवसांनी मोकळा श्वास आला. सुमैरानं विचारलं, "अम्मी, चालतंय व्हय ह्याला?" तर म्हणाली, "सगळ्यास्नी चालतंय, ह्याला काय झालं?"

त्याच दिवशी दुपारी, ऊन अगदी माथ्यावर आलेलं. खाली हुसेन मशीन चालवत होते, त्या घरघराटात हाक सुद्धा ऐकू येत नाही. झुबेदा स्वयंपाकघरात लेकीसाठी खिमट ढवळत होती. आणि तिचा हात थांबला.

वास.

कपड्यावर इस्त्री विसरून राहिली की येतो तसा.

तिला आधी वाटलं, आपल्याच डोक्यातला आहे. असा वास तिला स्वप्नात कितीदा आला होता. तिनं नाकाला पदर लावला, काढला. वास जिन्यावरून खाली येत होता. या अल्ला! पळी कुठं पडली, गॅस कसा बंद झाला, तिला कळलं नाही. "आवं!" म्हणून ओरडली, मशीननं तो आवाज गिळून टाकला. ती तशीच अनवाणी जिना चढली. गुडघे दुखणारी बाई, पण त्या वेळी तिला गुडघे नव्हतेच.

माथ्यावर आली. खोळ फुगल्यासारखी दिसत होती. कापडातून झळ येत होती. नाडीच्या फटीतून आत लाल उजेड दिसला आणि झुबेदाच्या डोळ्यांपुढं सांगलीचा बोळ उभा राहिला. ढीग आतून लाल झालाय. अजमल आत आहे. आणि हिच्या हाताशी बादली आहे.

या वेळी भरलेली होती.

तिनं ती दोन्ही हातांनी उचलली. उचलताना हिसका बसला, पाणी हिंदकळलं आणि फरशीवर पसरलं. बादली छातीपर्यंत आली, खांद्यापर्यंत आली. आता फक्त फेकायची. आयुष्यभर ती या एका क्षणासाठी पाणी भरत आली होती, तर हात थांबणार कसे?

"अम्मी? काय झालं?"

दार उघडून सुमैरा उंबऱ्यात उभी होती. खांद्यावर तान्ही, पाय उघडे. आणि सांडलेलं पाणी डब्याखालच्या भिंतीला लागून, सावकाश, तिच्या पायांकडं चाललं होतं. झुबेदानं ते पाणी बघितलं. भिंत, पाणी, पाय. भिंत, पाणी, पाय. पाणी अजिबात मारायचं नाही, असं कुणीतरी कधीतरी म्हणालं होतं.

"मागं हो!" ती अशी किंचाळली की तान्ही दचकून रडायला लागली. "पाय उचल! पलंगावर चढ! दार लाव!"

सुमैरा मागं सरली. दार आदळलं. झुबेदाचे हात अजून वरच होते. बादली खाली ठेवायला हात तयार नव्हते हो! बोटं कडीला चिकटल्यासारखी. आतून तान्हीचं रडणं येत होतं. रडतेय म्हणजे आहे, रडतेय म्हणजे आहे, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. तिनं दात आवळले आणि बादली मागच्या पायरीवर टेकवली. ओल्या फरशीवर पाय टाकायचा नाही म्हणून जिन्यात पडलेलं कोरडं पोतं ओढून त्यावर उभी राहिली. खालचा खटका पाडला. लाल मूठ धरली. या खेपेला डोळे मिटले नाहीत. मूठ फिरली. मग कोपऱ्यातली कापूस झोडायची काठी घेऊन तिनं लांबूनच नाडीत अडकवली आणि खोळ ओढून काढली. खोळ पायऱ्यांवरून गडगडत खाली गेली, खिडकीतून वाऱ्याची झुळूक आली आणि उघड्या डब्यावरची पांढरी पिसं भुरभुरली.

जाळ नव्हता. कुठंच नव्हता. ती काठी धरून उभी राहिली आणि मग मटकन पायरीवर बसली.

वीरधवल संध्याकाळच्या आत येऊन पोहोचला. डबा उघडून बघितला, हातमोजे काढले. हुसेन घाबरून बाजूला उभे. त्यानं खोळ उचलून उलटसुलट केली, आतून तिचं कापड करपट झालं होतं.

"चाची, ह्याला हवा लागते. पाठीवरची उष्णता बाहेर गेली नाही तर हे तापतं. खोळीनं त्याचा श्वास कोंडला."

"पर आत लाल झालं हुतं रं. म्या बगितलं."

"तो दिवा होता. फार तापलं म्हणून यंत्र आपणहून बंद पडलं आणि लाल दिवा लागला. चांगलं यंत्र आहे, रीतसर लावलंय, म्हणून थांबलं. कापड तापलं, पण पेटलं नाही." तो थांबला. त्याची नजर पायरीवरच्या बादलीवर गेली, मग ओल्या फरशीवर. "ही तुम्ही..."

"फेकनार हुते."

वीरधवल छताकडं जाणाऱ्या पाइपाकडं बघत राहिला. दुपारचं ऊन, वरून येणारी वीज, ओली भिंत, अनवाणी बायका. त्याला मांडून सांगायची गरजच पडली नाही.

"सुमैरा पन?" झुबेदानं विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आन लेकरू?"

त्यानं मान खाली घातली.

तेव्हा कुठं झुबेदा रडली. दुपारी रडली नव्हती ती. पदर तोंडात कोंबून, लहान पोरीसारखी हमसून हमसून. इतकी वर्षं जे पाणी तिनं अजमलसाठी भरून ठेवलं होतं, ते ती आज सुमैराच्या अंगावर ओतणार होती. हुसेननी तिच्या पाठीवर हात ठेवला, चेष्टा केली नाही. त्या दुपारची चेष्टा उंब्रजच्या पेठेतही नंतर कुणी केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याच्या माथ्यावर बादली होती. जुनीच, तीच. पण कृष्णेच्या वाळूनं भरलेली. झुबेदानं स्वतः पोत्यातून आणून, चाळून, वाळवून भरली होती. आणि सुमैराला तिनं डब्यासमोर उभं केलं होतं, तान्हीला हुसेनच्या हातात देऊन.

"हात पुढं कर."

"अम्मी, मला भ्या वाटतंय."

"मला न्हाई वाटत व्हय?" झुबेदानं आपला हात लेकीच्या हातावर ठेवला आणि खटक्याकडं नेला. "भ्यायचं. लय भ्यायचं. पर आदी हा. मग लाल."